पिसवा: कुत्र्याला औषध लावून तीन आठवडे झाले, तरी घरात येतात कुठून?

मृण्मयी_चिंचवड · ९ जुलै, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. जीव मेटाकुटीला आलाय म्हणून धागा काढतेय, कुणाला अनुभव असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

आमचा शेरू, चार वर्षांचा इंडी, म्हणजे देशी कुत्रा. मे महिन्यात आम्ही सगळे सासरी गेलो होतो, शेरूपण बरोबर होता, फ्लॅट जवळजवळ सहा आठवडे कडेकोट बंद. जायच्या आधी त्याच्या अंगावर एखाददुसरी पिसू दिसायची, एवढं काही मनावर घेतलं नव्हतं. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात परत आलो, कुलूप उघडलं, बॅगा हॉलमध्ये टेकवल्या आणि पाच मिनिटांत माझ्या पांढऱ्या सलवारवर काळे ठिपके टुणटुण उड्या मारायला लागले, मोजून बारा-तेरा. आणि शेरू तर तेव्हा नवऱ्याबरोबर खाली पार्किंगमध्येच होता, तो अजून घरात आलासुद्धा नव्हता! मग या आल्या कुठून?

त्यानंतर त्याला मानेवर टाकायचं औषध आणून लावलं, दर रविवारी पिसवांचा शाम्पू लावून अंघोळ घालतेय, एकदा पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं त्याने हॉल आणि दोन्ही बेडरूममध्ये फवारलं. चार दिवस शांतता. मग परत सुरू. मुलीच्या घोट्यांवर लाल लाल गांधी उठल्यात, खाजवून खाजवून रक्त काढते. शेरूची शेपटीजवळची पाठ तर केस जाऊन उघडी पडलीय. सासूबाई म्हणतात आता त्याला खाली पार्किंगमध्येच बांधा, आणि शेजारचे म्हणतात कुठेतरी लांब नेऊन सोडून या. ते मी मरेपर्यंत करणार नाही, पण काय करू तेही कळत नाही.

---

सदाफुली · १० जुलै, सकाळी ७:१५

अगं किती गं वैताग. आमच्याकडे लॅब्रॅडॉर आहे, मागच्या श्रावणात हेच भोगलंय. मी कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्याने अंघोळ घालायचे, कोपऱ्याकोपऱ्यात कापूर ठेवला, फरशी रोज फिनेलने. दोन दिवस बरं वाटायचं की परत आपलं तेच. शेवटी गेल्या, पण कशाने गेल्या ते मला आजही सांगता येत नाही. तुला कुणी रॉकेलचा बोळा फिरवायला सांगेल, ते मात्र अजिबात करू नकोस, आमच्या ओळखीत एका पिल्लाची कातडी सोलून निघाली होती त्याने.

---

कीटकवाणी · १० जुलै, दुपारी २:०५

मृण्मयी, मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि पिसू हा माझा जिव्हाळ्याचा विषय, त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घे. पण हे एकदा नीट कळलं ना की पुढे काय करायचं ते आपोआप कळतं.

तुला शेरूच्या अंगावर ज्या दिसतात त्या मोठ्या झालेल्या पिसवा. एखाद्या घरात पिसवा झाल्या असतील तर त्यातल्या साधारण ५ टक्केच या रूपात असतात. बाकी ९५ टक्के अंडी, अळ्या आणि कोष, आणि ते कुत्र्यावर नसतातच, ते घरात असतात. तू आतापर्यंत सगळी लढाई त्या ५ टक्क्यांशी केलीस.

आता पहिल्यापासून सांगते. पिसू एकदा कुत्र्यामांजरावर चढली की काही मिनिटांत रक्त प्यायला लागते आणि मग ती तिथून सहसा हलत नाही. लोकांना वाटतं पिसू या कुत्र्यावरून त्या कुत्र्यावर उड्या मारत फिरते, तसं फारसं होत नाही. एका दिवसात मादी स्वतःच्या वजनाच्या पंधरापट रक्त पिते. पहिल्या जेवणानंतर दीड-दोन दिवसांत अंडी घालायला सुरुवात, आणि जोरात आली की दिवसाला ४० ते ५०. म्हणजे शेरूवर फक्त दहा माद्या आहेत असं धर, रोजची ४०० अंडी झाली, वीस दिवसांत आठ हजार. आणि तू म्हणतेस एखाददुसरी दिसायची. दिसते एक तेव्हा केसांत दडलेल्या बऱ्याच असतात, शिवाय कुत्रं दिवसभर चावून चाटून त्यातल्या कितीतरी गिळतं.

आता खरी मेख. ही अंडी उवांच्या लिखांसारखी केसाला चिकटत नाहीत. गुळगुळीत, पांढरी, अर्ध्या मिलिमीटरची, साखरेच्या बारीक कणासारखी. कुत्रं झोपलं, अंग झटकलं, सोफ्यावर उडी मारली की खाली गळतात. म्हणजे कुत्रं म्हणजे चालतीफिरती मीठदाणी, जिथे जाईल तिथे अंडी शिंपडत जातं, आणि जिथे जास्त वेळ झोपतं तिथे ढीग.

दोन ते दहा दिवसांत अंड्यातून अळी निघते. पाय नाहीत, डोळे नाहीत, पांढरट धाग्यासारखी, वाढून ४-५ मिलिमीटर होते. ती चावत नाही, रक्त पीत नाही. मग खाते काय? आईची विष्ठा! मोठी पिसू जे ढीगभर रक्त पिते त्यातलं बरंचसं अर्धवट पचलेलंच बाहेर टाकते, ते वाळून काळी मिरपूड दिसते, आणि तीही अंड्यांबरोबरच खाली गळते. म्हणजे बाळ आणि बाळाचा डबा एकाच ठिकाणी पडतो. मी इतकी वर्षं शिकवतेय तरी हे सांगताना दरवेळी मला थक्क व्हायला होतं.

अळीला उजेड नको असतो, ती खाली खाली जाते, गालिच्याच्या मुळाशी, गादीखाली, फरशीच्या फटीत, पायपुसण्याच्या पोटात. आणि तिला ओल लागते. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली गेली की सुकून मरते, तापमान ३५ च्या वर गेलं तरी टिकत नाही. म्हणून भर उन्हातल्या अंगणात अळ्या सापडत नाहीत. आणि म्हणून आपल्याकडे आषाढ-श्रावण हा त्यांचा सुगीचा काळ, पंचवीस-सत्तावीस डिग्री आणि ओलसर हवा, याहून चांगलं त्यांना काही नको.

आठवडा-दीड आठवडा खाऊनपिऊन अळी स्वतःभोवती रेशमाचा कोष विणते. हे रेशीम चिकट असतं, त्याला धूळ, केस, वाळूचे कण चिकटतात, कोष अगदी धुळीच्या गोळ्यासारखा दिसतो, समोर असला तरी ओळखू येत नाही. आणि त्याच्या आत कुठलंही फवारणीचं औषध नीट पोचत नाही. तुझ्या पेस्ट कंट्रोलवाल्याने फसवलं असं नाही म्हणणार मी, त्याने जे उघड्यावर होतं ते मारलं, कोषातलं राहिलं.

आता तुझ्या बंद घराचं. कोषात पिसू तयार झाली तरी लगेच बाहेर येत नाही. बाहेर खायला कुणी आहे का याची वाट बघत बसते, आठवडे बसते, परिस्थिती जमली तर पाच-सहा महिनेसुद्धा. तिला कशाने कळतं? पावलांच्या हादऱ्याने, अंगाच्या उबेने, श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने. सहा आठवडे तुझ्या घरात कुणी चाललं नाही, कुणी श्वास घेतला नाही. आतल्या सगळ्या अंड्यांच्या अळ्या झाल्या, अळ्यांचे कोष झाले, आणि सगळे जण तयारीत बसून राहिले. तू कुलूप उघडून बॅगा टेकवल्यास आणि सगळ्यांना एकदम निरोप गेला. शेरूचा त्या दिवशी काही संबंधच नव्हता, तो बिचारा पार्किंगमध्ये होता.

---

मृण्मयी_चिंचवड · १० जुलै, संध्याकाळी ६:३०

बाप रे. कीटकवाणी ताई, मी हे तुमचं लिहिलेलं सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. "बाळाचा डबा" ऐकून त्या पण गप्प बसल्या. म्हणजे मी जे बघतेय ते आधीच जन्मलेलं, माझ्या औषधामुळे ते थांबतच नाहीये?

अजून एक, मला कसं कळणार की या नक्की पिसवाच आहेत, ढेकूण नाहीत? नवऱ्याला एकही चावत नाही त्यामुळे त्याला वाटतं आम्ही उगाच करतोय.

---

गुरांचा_डॉक्टर · १० जुलै, रात्री ९:५०

मी पशुवैद्य, सांगली भागात. दिवसभर गाई-म्हशी, पण संध्याकाळी कुत्री-मांजरंही येतात.

आधी ओळख. ढेकूण रात्री झोपेत चावतो, मान, हात, पाठ, जे उघडं असेल ते, आणि तो उडी मारत नाही. पिसू दिवसाही चावते, जमिनीवरून वर उडी मारते म्हणून घोटे आणि पोटऱ्या, दोन-तीन चावे जवळजवळ. तुमच्या मिस्टरांना चावत असणार, फक्त त्यांच्या अंगावर गांधी उठत नाहीत, प्रत्येकाच्या कातडीचा तो प्रश्न असतो. आणि मुलीची काळजी वाटत असेल तर एक सांगतो, ही पिसू माणसाला चावते पण माणसावर बिऱ्हाड करत नाही, डोक्यात वगैरे होत नाही.

शेरूची खात्री करायची तर उवा-लिखा काढायची बारीक फणी घ्या, शेपटीच्या बुडाशी आणि मानेखाली फिरवा, जे काळं पडेल ते ओल्या पांढऱ्या टिश्यूवर ठेवा. माती असेल तर मातीच राहील, पिसूची घाण असेल तर दोन मिनिटांत भोवती तांबूस डाग पसरतो, कारण ते रक्तच आहे. फणीत पिसू आली तर बोटांनी चिरडत बसू नका, दोन्ही बाजूंनी चपटी आणि टणक असते, निसटते. साबणाच्या पाण्यात टाका.

शेपटीजवळ केस गेलेत म्हणता, ते बहुधा पिसूच्या लाळेची अ‍ॅलर्जी. अशा कुत्र्याला ढीगभर पिसवा लागत नाहीत, थोडे चावे पुरतात.

आता उपचार. तुमचं एक चुकतंय, दर रविवारचा शाम्पू. मानेवर टाकायची बरीच औषधं कातडीवरच्या तेलकटपणात पसरतात, लावायच्या आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस तर अंघोळ नकोच, पण पुढेही सारखा सारखा शाम्पू केला की औषध धुऊन जातं. शाम्पू अंगावर असलेल्या पिसवा मारतो, दुसऱ्या दिवशी नवीन चढली की तिला अडवत नाही. मी अशा केसमध्ये शक्यतो गोळी देतो, आयसोक्साझोलिन गटातली, अफॉक्सोलॅनर महिन्याला एक किंवा फ्लुरालॅनर बारा आठवड्यांनी एक. पिसू चावली की औषध तिच्या पोटात जातं आणि अंडी घालायच्या आतच ती मरते. इथे सगळा खेळ आहे, अंडी पडणं बंद झालं पाहिजे. मात्र कुत्र्याला कधी फिट आली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, या गटाच्या औषधांबाबत त्याची काळजी घ्यावी लागते. वजनाप्रमाणे डोस असतो, अर्धी गोळी तोडून दोन कुत्र्यांना असं करू नका.

आणि मनाची तयारी ठेवा, तीन महिने. गोळी दिल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातही पिसवा दिसतील आणि तुम्हाला वाटेल औषध फेल गेलं. फेल नाही गेलं, त्या जुन्या कोषातून निघतायत. त्या शेरूवर चढतील आणि मरतील. तो साठा संपेपर्यंत एकही डोस चुकवायचा नाही. बहुतेक लोक पाचव्या-सहाव्या आठवड्यात बरं वाटलं की सोडून देतात आणि श्रावणात परत माझ्याकडे येतात.

जंताचं औषधही विचारून घ्या. पिसू गिळली की तिच्यातून पट्टकृमी होतो, शी करायच्या जागी तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसतात. लहान मुलाच्या तोंडात चुकून पिसू गेली तर मुलालाही होऊ शकतो, म्हणून हे टाळू नका.

---

बोक्याची_मावशी · १० जुलै, रात्री १०:२०

डॉक्टर, मांजरांचं मोठ्या अक्षरात सांगा ना कृपा करून. मीच सांगते. कुत्र्याचं पिसवांचं औषध मांजराला लावू नका. कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं, मांजराच्या यकृताला ते विष मोडून काढता येत नाही. तीन वर्षांपूर्वी एका दुकानात मला "दोन्हीला चालतं, थोडं कमी लावा" म्हणून दिलं, मी विश्वास ठेवला, चार तासांत माझी चिमी थरथरायला लागली, मग झटके. रात्री दीड वाजता रिक्षा शोधत दवाखान्यात नेली, दोन दिवस ती तिथे होती. वाचली. पण ते थरथरणं मी विसरू शकत नाही. घरात कुत्रा-मांजर दोन्ही असतील आणि कुत्र्याला असलं औषध लावलं असेल तर ते एकमेकांना चाटणार नाहीत, अंगाला अंग लावून झोपणार नाहीत हेही बघावं लागतं.

टी ट्री ऑइल, निलगिरीचं तेल, डांबरगोळ्या, हे सगळं "नैसर्गिक" किंवा घरगुती म्हणून लोक सुचवतात, मांजराला हेही विषारी आहे. लसूण तर कुत्र्यालाही नको.

---

गुरांचा_डॉक्टर · १० जुलै, रात्री १०:४५

मावशी बरोबर आहेत, मी लिहायलाच हवं होतं. त्यात भर, घरात ससा असेल तर फिप्रोनिल (मानेवर टाकायच्या पिसवांच्या काही औषधांत असतं ते) त्याला लावायचं नाही. आणि आठवडे-महिन्याच्या पिल्लांना कुठलंही औषध विचारल्याशिवाय नको, त्यांना फणी आणि कोमट पाणी. लहान पिल्लं पिसवांनी खरोखर मरतात, रक्त इतकं जातं. हिरड्या पांढऱ्या दिसल्या तर थांबू नका.

---

पडवी · ११ जुलै, सकाळी ६:४०

आम्ही गुहागरकडचे. आमच्या लहानपणी पडवीत सारवलेली जमीन, शेजारी गोठा, शेळ्या, दोन कुत्रे, पावसाळ्यात पिसवांचा सुळसुळाट व्हायचाच. आजी काय करायची, दर दोन-तीन दिवसांनी कुत्र्यांची गोणपाटं काढून उन्हात टाकायची, पाऊस असेल तर चुलीवरच्या कढत पाण्यात बुचकळायची, आणि भेगा पडल्या की लगेच सारवण. गोठ्यातली जुनी गवताची बिछायत जाळायची. तिला अळी-कोष काही माहीत नव्हतं, पण कीटकवाणींचं वाचून आता मला कळतंय की ती नेमकी घरावर घाव घालत होती, कुत्र्यावर नाही.

एक विचारायचंय, बकऱ्यांवरची पिसू आणि कुत्र्यावरची एकच का?

---

कीटकवाणी · ११ जुलै, दुपारी १:३०

पडवी, आजींना नमस्कार. छान प्रश्न आहे. जगभर कुत्र्यांवर सापडणारी सगळ्यात जास्त पिसू ही नावाने मांजर-पिसू आहे, टेनोसेफॅलिडस फेलिस. खरी कुत्रा-पिसू वेगळी, टेनोसेफॅलिडस कॅनिस. आणि आपल्याकडे फेलिसची जवळची बहीण आहे, ओरिएंटिस, ती कुत्र्यांवरही असते आणि शेळ्यामेंढ्यांवरही. त्यामुळे गोठा आणि कुत्रा शेजारी असेल तर दोन्हीकडचं एकदम करावं लागतं.

---

आडवाटेचा · ११ जुलै, रात्री ८:१०

थोडं अवांतर, पण पिसवा म्हटलं की आपल्याकडे जुन्या माणसांच्या पोटात गोळा येतो त्याला कारण आहे. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत मांडवीला प्लेग ओळखला तो डॉ. अकाशियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरने, पुढच्या वर्षी पुण्यात हाहाकार, सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ ला त्याच साथीत रुग्णसेवा करताना गेल्या. लोक घरं सोडून माळावर झोपड्या बांधून राहायचे. पण तेव्हा हा रोग पसरतो कसा हे कुणाला कळलं नव्हतं. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत प्रयोग करून दाखवलं की उंदरावरची पिसू तो नेते. उंदीर मेला, अंग गार पडलं की पिसवा त्याला सोडून नवीन ऊब शोधतात. आणि १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेगच्या बातमीआधी लोकांची तक्रार हीच होती, घरात पिसवा फार झाल्यात.

---

कीटकवाणी · ११ जुलै, रात्री ८:५५

अवांतर अजिबात नाही. फक्त मृण्मयी घाबरायला नको म्हणून, ती उंदराची पिसू, झेनोप्सिला चिओपिस, जात वेगळी. शेरूमुळे प्लेग होणार नाही. घरात उंदीर धडाधड मरून पडायला लागले आणि पिसवा दिसल्या तर मात्र लगेच आरोग्य केंद्राला कळवायचं, हे प्रत्येकाने लक्षात ठेवावं.

---

हिमगौरी_एनजे · १२ जुलै, पहाटे ४:२५

न्यू जर्सीहून. इथे भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट, त्यात काय होत असेल विचार करा. मी सप्टेंबरात नवीन अपार्टमेंट घेतलं, आमच्याकडे पाळीव प्राणी एकही नाही, आधीच्या भाडेकरूची मांजर होती, महिनाभर घर रिकामं होतं, आणि पहिल्याच रात्री मृण्मयीसारखं झालं. मला तेव्हा वाटलं मीच कुठूनतरी आणल्या, किती दिवस अपराधी वाटत होतं.

मला उपयोग कशाचा झाला तर व्हॅक्यूमचा. रोज. नुसती अंडी आणि घाण ओढली जाते म्हणून नाही, तर व्हॅक्यूमच्या हादऱ्याने कोषातल्या बाहेर येतात. आधी मी घाबरले, व्हॅक्यूम केला की जास्त दिसतात म्हणून बंद केला, मग कळलं की बाहेर येणं हेच तर हवंय. पिशवी मात्र लगेच बांधून घराबाहेर टाकायची.

आणि फवारणीवाल्याला विचारा त्याच्या औषधात मेथोप्रीन किंवा पायरीप्रॉक्सिफेन आहे का. हे मारत नाही, अंडी आणि अळ्या पुढे वाढू देत नाही.

---

मृण्मयी_चिंचवड · १४ जुलै, रात्री ११:०५

मंडळी, सापडलं!!

मी विचार केला, शेरू सगळ्यात जास्त वेळ कुठे असतो. आम्हाला वाटायचं हॉलमधल्या त्याच्या गादीवर. पण दुपारी आम्ही ऑफिसला गेलो की तो सासूबाईंच्या खोलीत दिवाणाखाली झोपतो, त्यांनी सांगितलं. फवारणीच्या दिवशी त्या खोलीत देवाचं असतं म्हणून तिथे फवारूच दिलं नव्हतं, हे मला आज कळलं. दिवाणाखाली जुन्या गोधड्या, एक गुंडाळलेली सतरंजी, माझ्या लग्नातली एक बॅग. सतरंजी बाल्कनीत पांढऱ्या चादरीवर झटकली आणि मीठ आणि मिरपूड, अगदी ताईंनी लिहिलं तसंच, पांढरे कण आणि काळे कण. टॉर्च मारला तर बारीक धागे वळवळत परत काळोखाकडे सरकत होते. मला रडू आलं खरंच, मी तीन आठवडे हॉलची फरशी घासत होते.

गोधड्या सगळ्या गरम पाण्यात, ६० डिग्रीवर मशीनमध्ये. सतरंजी टाकून दिली. दिवाण उभा केला, फटीफटीतून व्हॅक्यूमचं नळकांडं फिरवलं. शेरूला काल गोळी दिली, आमच्या इथल्या डॉक्टरांनी अ‍ॅलर्जीचंही औषध दिलंय. शाम्पू बंद.

आणि सासूबाईंनी स्वतः सांगितलं की देव दोन दिवस हॉलमध्ये ठेवू, खोलीत नीट फवारून घे.

---

सदाफुली · १५ जुलै, सकाळी ७:३०

शाब्बास! दिवाणाखालचं वाचून मी आमच्या लॅबची जागा शोधली, जिन्याखाली चपलांच्या रॅकमागे. आज सगळं बाहेर काढते.

---

मृण्मयी_चिंचवड · ३१ जुलै, रात्री १०:१५

अठरा दिवस झाले. गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घालून रोज संध्याकाळी सगळ्या खोल्यांतून दहा मिनिटं चालते, जेवढ्या चढतील तेवढ्या मोजते, वहीत लिहिते. पहिल्या दिवशी दिवाणाच्या खोलीत १९, मग ११, ७, मग परवा एकदम १४! माझा धीरच सुटला. हे काय? नवीन कुठून?

---

गुरांचा_डॉक्टर · ३१ जुलै, रात्री १०:५०

मोजे घालून मोजताय हे फार चांगलं करताय, माझ्याकडे येणारे कुणीही एवढं करत नाहीत. १४ ला घाबरू नका. गोळीच्या आधी जी शेवटची अंडी पडली ती आता पिसवा होऊन बाहेर येतायत, तीन-चार आठवड्यांचं चक्र धरा, हिशोब बरोबर जुळतो. शेरूला घरात सगळीकडे फिरू द्या, एका खोलीत कोंडू नका, तोच आता तुमचा सापळा आहे, त्या त्याच्यावर चढतील आणि संपतील. एक विचारतो, खाली पार्किंगमध्ये मांजरं आहेत का?

---

मृण्मयी_चिंचवड · १ ऑगस्ट, सकाळी ८:००

आहे हो डॉक्टर! वॉचमनच्या केबिनमागे एक मांजर व्यालीय जूनमध्ये, जुन्या बारदानावर. शेरू रोज तिथे हुंगत उभा राहतो. मी याचा विचारच केला नाही. पण सोसायटीत सांगितलं तर ते त्यांना हुसकून लावतील.

---

बोक्याची_मावशी · १ ऑगस्ट, सकाळी ९:२०

हुसकून काही होणार नाही, बारदानातले कोष तिथेच राहतील आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायाला लागतील. बारदान पिशवीत बांधून टाकून दे, त्याजागी जुनी चादर घाल जी दर आठवड्याला धुता येईल, केबिनमागची जागा झाडून कोरडी कर. आई मांजराला सेलामेक्टिनचं मांजरासाठीचं औषध डॉक्टरांना विचारून मानेवर लावता येतं. पिल्लांचं वय आणि वजन सांगून मगच त्यांना. आणि पिल्लं सुटली की आईची नसबंदी, नाहीतर पुढच्या जूनला परत तिथेच व्याणार. मी निगडीत असते, पकडायला पिंजरा आहे माझ्याकडे, मेसेज कर.

---

मृण्मयी_चिंचवड · १२ ऑक्टोबर, रात्री ९:३०

धागा वर आणतेय. मोज्यांची वही: ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात रोज दोन-तीन, सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आठवडाभरात एक, आणि १९ सप्टेंबरनंतर एकही नाही. मध्ये गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेलं होतं, तेव्हाही कुणाला चावल्या नाहीत.

शेरूच्या पाठीवर केस आलेत, आधीपेक्षा जरा गडद आलेत. मावशींनी स्वतः येऊन मांजर पकडली, तिची नसबंदी झाली, तीन पिल्लांपैकी दोन घरांत गेली, एक वॉचमनकाकांनी ठेवून घेतलं. शेरू परत दिवाणाखालीच झोपतो, पण आता तिथे फक्त एक चादर आहे आणि ती दर रविवारी गरम पाण्यात जाते, सासूबाई स्वतः काढून देतात.

फ्लुरालॅनरचे बारा आठवडे गेल्या सोमवारी पूर्ण झाले, त्याच दिवशी दुसरी गोळी दिली. डॉक्टर, पुढची तारीख डिसेंबरच्या शेवटी येते, तेव्हा थंडी असेल, तरी द्यायची ना?

---

गुरांचा_डॉक्टर · १२ ऑक्टोबर, रात्री १०:०५

द्यायची. तुमच्याकडे घरात काही बर्फ पडत नाही, पिसवा बारा महिने असतात. आणि मे महिन्यात गावी जाणार असाल तर त्याच्या आधीचा डोस चुकवू नका.